आधी नोंदी पुसा, मग बँका उघडा

आमच्या भागातल्या किराणा दुकानाशेजारी गांजाचे परवानाधारक दुकान सुरू झाले आहे. दारात ओळखपत्र तपासतात, माल बंद पिशवीत देतात, मात्र क्रेडिट कार्ड घेत नाहीत. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात २०२२ च्या एप्रिलपासून ही विक्री खुली असली, तरी केंद्रीय कायद्याने तिला मोकळीक दिलेली नाही आणि त्यामुळे अनेक बँका या धंद्याला हात लावत नाहीत.

बँकांची ही भीती घालवणारे विधेयक २०२१ मध्ये चर्चेत होते. त्या वेळी आमचे सिनेटर कोरी बुकर यांनी ते अडवण्याची भूमिका घेतली. गांजापायी ज्यांच्या नावावर गुन्हे चढले, त्यांना न्याय मिळण्याआधी गुंतवणूकदारांची सोय लावू नये, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह मला मनापासून पटतो. बुकर न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराचे महापौर होते. पोलिसांचा बडगा कोणत्या वस्त्यांवर पडतो, हे त्यांनी जवळून पाहिले आहे. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या अमेरिकी संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार सेवनाचे प्रमाण जवळपास सारखेच असूनही गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ३.६४ पट होती. म्हणूनच बुकर यांच्या २०१७ च्या विधेयकात केवळ बंदी उठवण्याची तरतूद नव्हती, तर गांजाच्या गुन्ह्यांच्या जुन्या केंद्रीय नोंदी पुसण्याची आणि होरपळलेल्या वस्त्यांसाठी निधीचीही होती.

आपली माणसे म्हणतात, हा आपला विषय नव्हे. मीही त्या दुकानात जात नाही. व्हिसावरच्या माणसाला गांजा घेतल्याची कबुली ग्रीन कार्डाच्या वेळी भोवू शकते आणि मुलांच्या शाळेच्या वाटेवर असे दुकान मला नकोच आहे. आपल्याकडच्या, म्हणजे भारतातल्या, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजावर बंदी घालताना नुसती पाने वगळली, त्यामुळे भांगेची परंपरा टिकली. हा समंजसपणा मला अभिमानास्पद वाटतो. पण व्यसन नको म्हणणे आणि एकाच कृत्यासाठी रंग पाहून बेड्या घालणे खपवून घेणे, यांची मी गल्लत करणार नाही.

रोकड सांभाळणाऱ्या दुकानदाराला लुटीची धास्ती असते, हे मी नाकारत नाही. तरी भांडवलदाराला थांबणे परवडते. जुनी नोंद असलेल्या माणसाला नोकरीच्या आणि भाड्याच्या घराच्या अर्जात तिचा जाब आजच द्यावा लागतो.