फॉर्मॅट मारू का?

पाण्याची मोटार जळाली म्हणून आमच्या खान्देशात कोणी लगेच नवी आणत नाही. मोटार विहिरीवरून सुटते, मोटारसायकलच्या मागे दोरीनं बांधली जाते आणि तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगच्या दुकानात येते. दुकानदार झाकण उघडतो, नाक जवळ नेतो, एकच कॉइल काळी पडलीय की सगळंच गेलंय ते बघतो आणि मगच तोंड उघडतो. जळकी तांब्याची तार भंगारात जाते. बॉडी तीच, शाफ्ट तोच, रोटर तोच. अशी तीन-चारदा भरलेली मोटार वर्षानुवर्षं पाणी उपसते आणि मालकाला त्यात काही विशेष वाटत नाही.

त्याच मालकाच्या घरातला संगणक एका सकाळी काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ दाखवून थांबला, की घरभर एकच शब्द फिरतो: "उडालं." काय उडालं, किती उडालं, हे कोणी विचारत नाही. डबा उचलून दुकानात नेतात. तिथला पोरगा ती ओळ पुरती वाचतही नाही. "फॉर्मॅट मारू का?" एवढंच विचारतो, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्यानं चढवू का. मला या प्रश्नाचा मनापासून राग आहे. रिवाइंडिंगवाल्यानं येणाऱ्या प्रत्येकाला "नवी घ्या" असं सांगितलं असतं, तर एका हंगामात त्याचं शटर पडलं असतं. संगणकवाल्याचं पडत नाही, कारण गिऱ्हाइकाला त्या डब्याचं झाकण उघडून वास घेता येत नाही.

अमळनेरला माझ्या मामांचं असं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. संगणकाचं म्हणाल तर अमळनेरचं त्याच्याशी जुनं, जरा आडवळणाचं नातं आहे. आज सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी विप्रो कंपनी 1945 साली इथंच निघाली. तेव्हा तिचं नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स आणि धंदा वनस्पती तुपाचा. तिच्या शेअरच्या गोष्टी गावातल्या जुन्या ओट्यांवर अजून निघतात. आमच्या मामांकडे शेअर नाहीत, त्यांच्याकडे डाटा आहे. जळालेली कॉइल कापून काढायच्या आधी स्लॉट म्हणजे खाचा किती, तारेचा गेज म्हणजे जाडी कोणती, एका कॉइलला टर्न म्हणजे वेढे किती, पिच म्हणजे कॉइल किती खाचा ओलांडते, हे सगळं मोजून लिहून ठेवावं लागतं. टर्न कमी पडले तर मोटार फिरते खरी, पण तापते, आणि महिनाभरात पुन्हा दारात हजर होते. त्यामुळे आलेल्या प्रत्येक मोटारीची नोंद मामा डायरीत करत आले. ग्रीस आणि वार्निशच्या डागांनी त्या डायऱ्यांची पानं चिकटायला लागली, तेव्हा मामेभावानं एकेक पान उलगडून सगळं संगणकात चढवलं. संगणक जुना, गल्ल्याशेजारच्या टेबलावर ठेवलेला, विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालणारा. लिनक्स का, तर फुकट आहे म्हणून. मामांना ते कारण पुरलं.

रब्बीचे दिवस होते. हे दिवस मोटारी जळायचे. गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, शेतीची लाइट रात्रीची येते, व्होल्टेज पडतं, एखादा फेज जातो, आणि सकाळी दुकानासमोर रांग लागते. नेमक्या या गर्दीत, जळगावला कॉलेजात शिकणारा मामेभाऊ सुट्टीवर आला आणि त्यानं लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. जुन्या आवृत्तीची मुदत संपली होती, सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद झालं होतं, तेव्हा त्यानं केलं ते रास्तच. सगळं नीट पार पडलं. शेवटी मशीन बंद होऊन चालू झालं आणि पडद्यावर ओळ आली: एरर, सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड. तिच्याखाली ग्रब रेस्क्यू, आणि लुकलुकणारी एक आडवी रेघ.

मी तेव्हा अमळनेरलाच होतो. मामांनी हातातली तार खाली ठेवली आणि अहिराणीत विचारलं, "सम्दं गयं का रे?"

गेलं काहीच नव्हतं, आणि हे त्या ओळीतच लिहिलेलं होतं. संगणक चालू होतानाचा पहिला मिनिटभर एक साखळी असते. बटण दाबल्यावर बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम, जागा होतो. त्याला लिनक्स कळत नाही, फाइल कळत नाही, फोल्डर कळत नाही. त्याला एवढंच ठाऊक, की ठरलेल्या डिस्कचा पहिला तुकडा उचलायचा आणि त्यातल्या आज्ञा चालवायच्या. हा तुकडा 512 बाइटचा. त्यातले 64 बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या (पार्टिशनच्या) नोंदीला, 2 बाइट शेवटच्या खुणेला, उरले 446. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह 3 बाइट खातं. म्हणजे त्या जागेत मराठीची दीडशे चिन्हंही मावत नाहीत; तुमचं नाव, बापाचं नाव आणि पूर्ण पत्ता लिहायला बसलात तर पिनकोडपर्यंत जागा संपेल. ही मांडणी 1983 च्या आयबीएम पीसीवरच्या डॉस 2.0 पासूनची. एवढ्याशा जागेतून आजची अवाढव्य प्रणाली उठवायची, म्हणून ग्रब हा बूटलोडर, म्हणजे लिनक्सला उठवणारा प्रोग्रॅम, स्वतःचे तीन भाग करतो. 446 बाइटमध्ये एक चिमुकला भाग बसतो. त्याचं काम फक्त दुसऱ्याला हाक मारायचं. दुसरा भाग, गाभा, डिस्कच्या पहिल्या तुकड्यानंतर आणि पहिल्या वाटणीच्या आधी जी मोकळी पट्टी सुटलेली असते तिथं राहतो. ही पट्टी कुठल्याच फाइल-यादीत दिसत नाही. तिसरा भाग म्हणजे मॉड्यूलं, ग्रबचे सुटे जोडभाग. ती मात्र रीतसर फाइली म्हणून बूट फोल्डरमध्ये असतात. गाभा ती उचलतो, मेनू दाखवतो, मग कर्नल, म्हणजे खुद्द लिनक्स.

मामांच्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. जुनी फिरती हार्ड डिस्क, आणि नंतर टाकलेली एसएसडी, म्हणजे न फिरणारी नवी डिस्क. लिनक्स एसएसडीवर होतं, पण बायोस सुरुवात जुन्या डिस्कवरून करायचा, कारण ती तिथं आधीपासून होती. नवी आवृत्ती चढताना मध्येच एक प्रश्न येतो: ग्रब कोणत्या डिस्कवर बसवू? लिनक्स एसएसडीवर आहे हे भावाला ठाऊक, त्यानं एसएसडीसमोर खूण केली. कोणीही शहाणा माणूस तेच करेल. तो प्रश्न अशा वेळी, अशा शब्दांत विचारणाऱ्यांचंच मला नवल वाटतं. बायोस कुठून सुरू होतो हे त्या पडद्यावर कुठंच नसतं. परिणाम असा, की एसएसडीवरचा गाभा नवा झाला, बूट फोल्डरमधली मॉड्यूलं नवी झाली, आणि जुन्या डिस्कवरचा गाभा जुनाच राहिला. बायोसनं नेहमीप्रमाणे त्या जुन्यालाच उठवलं. त्यानं मॉड्यूलं उचलली, मॉड्यूलांनी ग्रब_कॅलॉक नावाचं काम मागितलं, आणि जुन्या गाभ्याच्या पोतडीत ते नव्हतंच.

हे काम पोतडीत नवं का आलं, त्यालाही कारण आहे. जुलै 2020 मध्ये ग्रबमध्ये सुरक्षेचं एक मोठं भगदाड सापडलं. बूटहोल असं त्याचं नाव पडलं. ते बुजवताना मेमरी मागायची पद्धत अधिक सावध केली गेली आणि ही कॅलॉक त्यात आली. भगदाड बुजवणारं अपडेट घेतल्यावर त्या आठवड्यात जगभर कित्येकांची मशीनं याच ओळीवर अडली, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हेच निघालं: ग्रब बसला एका डिस्कवर, मशीन उठतंय दुसरीवरून. अमळनेरच्या दुकानात तो प्रसंग उशिरा आला, एवढंच.

मामांना मी हे सगळं सांगितलं नाही. "मामा, माल सगळा घरात आहे, दारावरचा माणूस जुना राहिलाय," एवढं म्हणालो. त्यांनी मान हलवली. "माल घरमाच शे ना? मंग चिंता नही," म्हणाले आणि पुन्हा स्टेटरवर वाकले.

पेन ड्राइव्हवर एक लिनक्स माझ्याजवळ असतंच. त्यावरून मशीन चालू केलं. अशा वेळी पहिलं काम दुरुस्तीचं नसतं. पहिलं काम मामांची ती फाइल उघडून दाखवायचं आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायचं. फाइल उघडली, स्लॉट-गेज-टर्नचे रकाने दिसले. मामांनी लांबूनच चष्मा वर करून पाहिलं. ते न बोलता मागच्या भट्टीकडे गेले, म्हणजे खात्री पटली.

मग खरं काम. डिस्कवरचं लिनक्स एका रिकाम्या फोल्डरला जोडायचं. त्याच्या आत पेन ड्राइव्हवरच्या चालत्या लिनक्सचे देव, प्रॉक आणि सिस हे तीन फोल्डर बांधायचे, नाहीतर आत गेल्यावर डिस्क दिसणारच नाहीत. आणि मग सीएचरूट. ही आज्ञा मला फार आवडते. ती दिली की तुम्ही पेन ड्राइव्हवरून चालू झालेल्या मशीनमध्ये बसलेले असता, पण समोरच्या खिडकीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं, आपण बंद पडलेल्या त्या लिनक्सच्या पोटात आहोत. बाहेरून आत शिरून आतूनच दार बसवायचं. तिथं ग्रब-इन्स्टॉल म्हणायचं आणि पुढे डिस्कचं नाव द्यायचं. आख्ख्या डिस्कचं, तिच्या वाटणीचं नाही. नावही आधी डिस्कच्या आकारावरून ताडून घ्यावं, कारण पेन ड्राइव्ह लावला की एसडीए आणि एसडीबी या पाट्यांची अदलाबदल होऊ शकते. लोकांची दुसरी रात्र जाते ती इथं.

मी नाव ताडत असतानाच मामा भट्टीकडून परत आले. शेजारी उभे राहिले, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दोन डिस्क शेत ना? मंग दुसरीवरथीन डायरेक्ट करी दख ना."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. बरोबर होतं. एसएसडीवर गाभा नवा, मॉड्यूलं नवी. चालू होताना एफ12 दाबून एसएसडी निवडली असती तर मशीन गुपचूप उठलं असतं. एकही आज्ञा न देता. मामांनी ग्रब हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलेला, पण स्टार्टर खराब असला की शेतकरी मोटार डायरेक्ट जोडतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. आम्ही करून पाहिलं. उठलं. भावानं टाळी वाजवली.

मामांनी वाजवली नाही. "डायरेक्टवर मोटर चालस, पन जळस बी," ते म्हणाले. त्यांचं दुकान अशा डायरेक्टवरच चालतं, त्यामुळे अधिकारवाणीनं म्हणाले. रोज सकाळी एफ12 कोण दाबणार? दुकानातल्या पोऱ्याला सांगायचं तर तो सुट्टीवर जाणार. मग मशीन चालू होतं तसंच ठेवून, सीएचरूटची गरजही न उरता, ग्रब-पीसी, म्हणजे बायोसवाल्या मशीनचा ग्रब, नव्यानं मांडायची आज्ञा दिली. तोच प्रश्न पुन्हा आला, कोणत्या डिस्कवर? या वेळी दोन्हींसमोर खूण केली. नो एरर रिपोर्टेड अशी ओळ आली. मामांनी ती वाचायला लावली, अर्थ विचारला आणि आपल्या डायरीत, एका पाच एचपीच्या सबमर्सिबलच्या नोंदीखाली, लिहून घेतलं: कॉम्प्युटर, डिस्क 2, ग्रब दोन्हीवर. संगणकात नाही, डायरीत. मी काही बोललो नाही, कारण जागा बरोबर निवडली होती.

बायोसच्या जागी यूईएफआय आलेल्या नव्या मशीनांत हा घोळ बराचसा मिटलाय. तिथं बूटलोडर पट्टीत लपून बसत नाही. फॅट पद्धतीच्या एका छोट्या वाटणीत साध्या फाइलसारखा असतो, आणि कोणती फाइल उचलायची त्याची यादी मदरबोर्ड स्वतःकडे ठेवतो. पण घोळ मिटला म्हणजे संपला असं नाही, तो जागा बदलतो. त्याच संध्याकाळी याचा दाखला मिळाला.

मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर हिरवी वांगी टाकली होती. मामी कळण्याच्या भाकरी थापत होत्या. भाऊ लॅपटॉप घेऊन आला, चेहरा पडलेला. दुकानातलं जमलं या आनंदात त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवरही नवी आवृत्ती चढवली होती. लिनक्स झकास उठलं, पण मेनूतून विंडोज गायब. "दादा, विंडोज उडालं," तो म्हणाला. एक मित्र त्याला फोनवर आधीच फॉर्मॅटचा सल्ला देऊन चुकला होता.

विंडोज जागेवरच होतं. ग्रबची 2.06 ही आवृत्ती 2021 साली आली तेव्हापासून, शेजारच्या वाटण्यांमध्ये दुसऱ्या प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणानं मुळातच बंद ठेवलेला असतो. तो शोधत नाही, म्हणून मेनूत दाखवत नाही. इटीसी फोल्डरातल्या डिफॉल्टमधल्या ग्रब या फाइलमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर, बरोबरचं चिन्ह, फॉल्स एवढी एक ओळ लिहायची आणि अपडेट-ग्रब म्हणायचं.

"ओळ तू लिही," मी म्हणालो, "आणि अपडेट-ग्रब काय बोलतो ते शेवटपर्यंत वाच, मधेच एंटर मारू नको." वांगी तोवर सोलून झाली होती, मिरच्या-लसूण कुटून त्यात पडत होता, आणि मामांनी माझं ताट आधीच वाढायला घेतलं होतं.