श्लोकाची दुसरी ओळ

मी देव मानते, माझी मैत्रीण मानत नाही. परवा वाद रंगला तेव्हा मी नेहमीसारखा दाखला दिला, 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन'. ती म्हणाली, "पुढची ओळ म्हण ना." मला आठवेना. 20 वर्षं श्लोक तोंडात आहे आणि आठवेना!

घरी येऊन गीता उघडली. दुसरा अध्याय, श्लोक 47. शेवटचा चरण आहे 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', म्हणजे काहीच न करण्याचीही ओढ तुला नसो. मी मात्र अर्ध्या श्लोकावर लोकांना गप्प करत आले. नोकरी गेली तेव्हा भावालाही हाच ऐकवला होता. तो पानावरून उठून गेला, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि जी गीता प्रमाण मानत नाही, तिच्यापुढे तो पुरावा कसा होईल? आता मी 'गीतेत लिहिलंय' असं म्हणत नाही. आईच्या आजारपणात रात्री कोणती ओळ धरून बसले होते, तेवढं सांगते. ते ती ऐकते, उलट प्रश्नही विचारते.

काल तिनं गीता वाचायला मागितली. मी माझ्या सगळ्या खुणा काढल्या आणि दिली.