तीन दिवस मुंबई, लॅपटॉप घरी

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर नोव्हेंबरात तीन दिवस मुंबईला जाऊन आलो. हेतू एकच, मनसोक्त फोटो काढायचे. मुक्काम गिरगावात मावशीकडे, सोबतीला मावसभाऊ. गेल्या खेपेला लॅपटॉप, त्याचा चार्जर, दोन लेन्स आणि ट्रायपॉड असं सगळं लादून नेलं होतं आणि दादरला संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये चढताना अख्ख्या डब्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. यंदा ठरवलं, पोटाशी धरता येईल एवढीच सॅक न्यायची. लॅपटॉप आणि चार्जर मिळून दोन किलो, म्हणजे ते आधी बाद.

पण लॅपटॉप नाही, तर रात्री फोटो उतरवायचे कशावर? हा वृत्तांत मुख्यतः त्याचाच आहे. मुंबई अधूनमधून दिसेल.

सामान असं: २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि त्यावर एकच ३५ मिलिमीटरची लेन्स, तीन कार्डं (दोन ६४ जीबीची, एक जुनं ३२चं), तळहाताहून लहान ५०० जीबीची एसएसडी (फोटो साठवायची छोटी डिस्क), कार्ड रीडर, दोन-तीन तोंडांचा यूएसबी हब (एका तोंडाला अनेक वस्तू जोडायचा डबा), दोन केबली, पॉवर बँक आणि फोन. हबचं महत्त्व मला दुकानात नाही, दुसऱ्या रात्री कळलं. ते पुढे येईलच.

पंचवटी एक्सप्रेसने नाशिकहून सीएसएमटीला उतरलो आणि काम तिथेच सुरू झालं. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली आणि २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलाय, हे मात्र रोज तिथून धावणाऱ्या माझ्या मावसभावालाही माहीत नव्हतं. तिथून पायीच हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या, काळा घोडा करत ओव्हल मैदानावर. मैदानाच्या मध्ये उभं राहिलं की एका हाताला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाची गॉथिक रांग, तर दुसऱ्या हाताला गोलाईदार गॅलऱ्यांची आर्ट डेको घरं. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली वारसा यादीत आल्या. उन्हं कलताना दगडी बाजू अंधारायला लागते आणि समोरच्या इमारतींच्या मागे आकाश पेटलेलं असतं. अशा वेळी नुसतं जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने दाबून लहान केलेली तयार फाइल, पुरत नाही; रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल, हवंच.

मी रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवतो. माझ्या कॅमेऱ्यात रॉ २८ एमबीच्या आसपास, जेपेग नऊच्या. म्हणजे एकदा बटण दाबलं की ३७ एमबी गेले. या हिशेबाने ६४ जीबीच्या कार्डावर सतराशेच्या आसपास फोटो मावतात आणि माझे तीन दिवसांचे मिळून साडेसहाशेही झाले नाहीत. एका कार्डात काम भागलं असतं, तरी रोज नवं कार्ड घातलं. कार्ड हरवलं, चेमटलं किंवा बिघडलं तर जाईल तो एकच दिवस. भरलेल्या कार्डाच्या कडेची ती चिमुकली कुलपाची खिट्टी खाली सरकवायची आणि डबीत ते उलट्या तोंडाने ठेवायचं. घाईत हात गेला तरी पुन्हा त्यावर लिहिलं जात नाही.

आणखी एक, कार्डं विश्वासाच्या दुकानातून घ्या. फुटपाथवर मी एकदा ‘२५६ जीबी’ अगदी कवडीमोलाने घेतलं होतं. आत खरी जागा त्याच्या कितीतरी कमी होती, पण कार्ड कॅमेऱ्याला मात्र २५६च सांगत राहिलं. खरी जागा संपल्यावर काढलेले फोटो यादीत दिसायचे, उघडायचे नाहीत. तेव्हापासून नवं कार्ड आणलं की घरी एकदा ते काठोकाठ भरून, सगळ्या फायली उघडताहेत ना ते बघतो. एक संध्याकाळ जाते, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी पहाटे चर्नी रोडहून लोकल पकडून दादरचा फूलबाजार गाठला. पश्चिमेला स्टेशनाबाहेरच पुलाखाली तो भरतो आणि उजाडायच्या आतच रंगात आलेला असतो. झेंडूची पोती, ओल्या केळीच्या पानांचा वास, डोक्यावर हारे घेऊन ‘ए बाजूला, बाजूला’ करत जाणारे हमाल. इथे मध्येच उभं राहून स्क्रीनवर फोटो बघत, नको ते पुसत बसू नका. एक तर धक्का बसतो आणि अशा धक्क्यात ‘एक पुसा’च्या जागी ‘सगळे पुसा’ दाबलं गेलेलं मी स्वतः अनुभवलंय. चुकून पुसलंच, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढायचा नाही, कार्ड तसंच बाहेर काढून ठेवायचं. पुसल्यावर नाव खोडलं जातं, फोटो बराचसा जागेवरच असतो, आणि वर नवीन काही लिहिलं नाही तर घरी फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रॅमने परत मिळतो. माझे तेव्हा मिळाले होते.

दादरहून परत येऊन, नाश्ता करून गेटवेवरून घारापुरीची लाँच घेतली. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. लाँचला तासभर लागतो. वारा खारट, पाण्याचे तुषार उडतात. तिथे कार्ड बदलायच्या भानगडीत पडू नका, निघण्याआधीच बदला.

लाँचवरच मावसभावाच्या फोनने ‘जागा संपली’ म्हणून रडायला सुरुवात केली. त्याने सरळ फोटोंचं अ‍ॅप उघडून जुने फोटो निवडायला घेतले. म्हणाला, “क्लाउडवर आहेत ना सगळे, इथले उडवतो.” मी हातच धरला. फोनमधले फोटो क्लाउडशी, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्याशी, जोडलेले असतात तेव्हा अ‍ॅपमध्ये इथला डिलीट केला की तिथलाही जातो. गूगल फोटोज असो की आयक्लाउड, दोन्हीकडे हेच. जागा हवी असेल तर गूगलच्या अ‍ॅपमध्ये ‘जागा मोकळी करा’ असा वेगळा पर्याय आहे. जे फोटो वर पोचलेत तेवढेच तो फोनमधून काढतो आणि वरचे तसेच ठेवतो. चुकून उडवलेच, तर ट्रॅशमध्ये गूगलकडे साठ दिवस आणि आयक्लाउडकडे तीस दिवस राहतात, पण जागेच्या घाईत लोक ट्रॅशही रिकामा करतात. त्याने शेवटी शाळेच्या ग्रुपवरचे शुभ सकाळचे व्हिडिओ उडवले. चार जीबी निघाले.

धक्क्यावर उतरून छोट्या गाडीने पायथ्याशी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. माकडांपासून जपा, त्यांना सॅकच्या चेन उघडता येतात. मुख्य लेण्यात शिरल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, कॅमेऱ्यालाही. जवळजवळ वीस फूट उंचीचा सदाशिव समोर अंधारातून हळूहळू वर येतो. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेव्हा खांबाजवळ श्वास रोखून उभं राहायचं आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००ला न्यायचा. एकेका मूर्तीचे सात-आठ फोटो काढले, एखादा तरी हलणार नाही या आशेवर.

रात्री जेवण झाल्यावर चाळीच्या गॅलरीत दिवसाचं कार्ड उतरवायला बसलो. फोनला तोंड एकच, त्यात कार्ड रीडर लावायचा की एसएसडी? म्हणून हब. हब फोनला, हबला रीडर आणि एसएसडी. फोनच्या फाइल्समध्ये दोन्ही दिसतात. कार्डावरचं डीसीआयएम फोल्डर (कॅमेरा फोटो ठेवतो ते) उघडून सगळं निवडायचं, एसएसडीवर त्या दिवसाचं नवं फोल्डर करायचं आणि कॉपी करायचं. कॉपीच, ‘मूव्ह’ नाही. मूव्हमध्ये वाटेत केबल हलली तर तुम्ही ना इकडचे ना तिकडचे. फोल्डरचं नाव मी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने देतो आणि पुढे ठिकाण लिहितो, म्हणजे ते आपोआप ओळीत लागतात.

साडेसहा-सात मिनिटांचं काम. कॉपी सुरू करून मी मावशीशी गप्पा मारत बसलो. परत आलो तर पडद्यावर काहीच नव्हतं, म्हणून ‘झालं’ असं समजून केबली काढायला घेतल्या. हात थांबला तो सवयीने, आकडे बघायची सवय. कार्डावर ६१२ फायली, ३०६ फोटोंच्या दुप्पट. एसएसडीवर ४८८.

शेवटची फाइल उघडली तर अर्धा सदाशिव, खाली करड्या रंगाची पट्टी. फोनची बॅटरी १४ टक्क्यांवर आली होती. रीडर आणि एसएसडी दोघंही फोनचीच वीज पीत होते, तिला दोघांचं ओझं पेललं नाही आणि एसएसडी मध्येच गळाली. चार्जर जोडायला हबला आणखी एक तोंड असतं, ते मी मोकळं ठेवलं होतं. मावशी म्हणाली, “अरे, मिक्सरला सुद्धा वायर लागते, आणि तू हे हवेवर चालवतोस?” भिंतीतला प्लग मिळाला, हबला चार्जर जोडला, जुन्या अर्धवट फोल्डरला हात न लावता नव्या फोल्डरमध्ये सगळं पहिल्यापासून उतरवलं. ६१२ ला ६१२. मग दोन्हीकडची एकूण साइज पाहिली, मधले पाच-सहा फोटो पूर्ण मोठे करून पाहिले आणि मगच अर्धवट फोल्डर उडवलं.

म्हणून हब घेताना चार्जर लावायची सोय असलेलाच घ्या. आणि ही सगळी जोडणी निघायच्या आदल्या रात्री घरी एकदा करून बघा. डिस्कवर फायली मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात; एसएसडी त्यातल्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असावी. एनटीएफएसची असेल तर बऱ्याच फोनना ती दिसतच नाही, आणि फॅट३२ ला चार जीबीहून मोठा व्हिडिओ पेलत नाही.

क्लाउडबद्दलही थोडं. त्या दिवशीच्या फायली अकरा जीबीच्या वर होत्या. दहा एमबीपीएसचा वेग मिळाला तरी वर चढायला अडीच तास, आणि माझ्या पॅकमध्ये दिवसाला दोन जीबी. गूगलचं फुकट खातं १५ जीबीचं, त्यात मेलही आला. फोटो फुकट आणि अमर्याद ठेवायचे दिवस १ जून २०२१ ला संपले. तेव्हा सगळं वर चढवायचा हट्ट सोडा. मी रोज रात्री पन्नासेक जेपेग निवडतो, साडेचारशे एमबी होतात, पाच-दहा मिनिटांत जातात. कार्डही गेलं आणि एसएसडीही गेली, तरी सहलीचा सांगाडा राहतो.

आणि दोन प्रती एकाच सॅकमध्ये ठेवू नका, हे मी दहा वेळा सांगेन. सॅक लोकलमध्ये राहिली की दोन प्रती काय आणि वीस काय. दिवसा एसएसडी मावशीच्या कपाटात, साड्यांच्या खाली. भरलेली कार्डं माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात. परतीच्या गाडीत एसएसडी सॅकमध्ये आणि कार्डं अंगावर. एकटे असाल आणि हॉटेलात उतरलात, तर एसएसडी खोलीवर आणि कार्डं जवळ, एवढं तरी करा.

तिसरा दिवस निवांत होता. सकाळी बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसलो. मलबार हिलच्या उंच इमारतींच्या पोटात एवढं शांत पाणी आणि त्यात बदकं, हे दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. दुपारी खोताची वाडी. लाकडी जिने, रंगीत गॅलऱ्या, पण ती लोकांची राहती घरं आहेत, विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका. एका आजोबांनी नको म्हटलं, मी कॅमेरा खाली केला, तर त्यांनीच बसवून अर्धा तास वाडीच्या गोष्टी सांगितल्या. त्याचा एकही फोटो नाही.

नाशिकला पोचल्यावर एसएसडीवरून सगळं घरच्या संगणकावर उतरवलं, तिथून दुसऱ्या हार्ड डिस्कवर. पुन्हा मोजलं. मग कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली, संगणकावर नाही.

मावशीला गॅलरीतल्या तुळशीचा फोटो हवा होता. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने फोटो दाबून लहान करतं, म्हणून मी ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल पाठवली, नऊ एमबीची. दोन मिनिटांत तिचा फोन: “हे कागदाचं चित्र काय पाठवलंस? नीट साधा पाठव, मला स्टेटसला ठेवायचाय.”