खवल्यांखालचे दोन काटे

ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी प्रकाशसापळा उघडला, तेव्हा आतल्या पुठ्ठ्यांवर राखाडी पंखांचे चौदा पतंग बसलेले होते. ब्रिटनमधील पतंगांच्या नोंदी ठेवताना मला हाच काळ सर्वांत कठीण जातो, कारण एपिरिटा प्रजातीतील तीन जाती (नोव्हेंबर मॉथ, पेल नोव्हेंबर मॉथ आणि ऑटम्नल मॉथ) तेव्हा एकाच वेळी उडत असतात आणि तिघींच्याही पंखांवर सारख्याच पुसट, नागमोडी रेषा असतात. चौथी जात हीदर या झुडपांच्या माळरानावरची आणि लवकर येऊन जाणारी, त्यामुळे तिचा प्रश्न नव्हता.

ऑटम्नल मॉथच्या पुढच्या पंखावरचा काळा ठिपका सहसा रेषेपासून सुटा असतो आणि बाहेरची रेषा त्याच्याजवळ कोन करून वळते. एवढ्या आधारावर मी तीन पतंग ऑटम्नल म्हणून लिहून टाकले. ही जात चुकीची नोंदवणे मला गैर वाटते, कारण उत्तर स्कँडिनेव्हियात हिच्याच अळ्या साधारण दहा वर्षांच्या अंतराने भूर्जाची वने निष्पर्ण करतात आणि तिचा आढळ कुठे आहे, याला खरोखर महत्त्व आहे.

म्हणून तिन्ही पतंग थंड करून शांत केले आणि पहिल्याला उलटे धरून, पोटाच्या टोकाखालचे खवले बारीक कुंचल्याने अलगद झाडले. खवले धुळीसारखे उडाले आणि भिंगाखाली आठव्या खंडाच्या कडेवरचे दोन इवलेसे काटे उघडे पडले. नरांमध्ये या काट्यांमधील अंतर आणि त्यांचा आकार जातीनुसार बदलतो. तो नर माझ्या नोंदीशी जुळला नाही. ती जात पेल नोव्हेंबर मॉथ निघाली. नोव्हेंबर मॉथचे वर्णन 1775 मध्ये झाले असूनही हिला स्वतंत्र नाव मिळायला 1906 उजाडले, याचे त्या क्षणी मला मुळीच नवल वाटले नाही. दुसरा नर मात्र ऑटम्नलच होता.

तिसरी मादी होती. मादीला हे काटे नसतात, आणि नावाची खात्री करायची तर तिला मारून विच्छेदन करावे लागते. मी ते केले नाही. तिच्या नावापुढे ‘नोव्हेंबर मॉथ गट’, म्हणजे तिघींपैकी कोणतीही एक, असे लिहिले आणि संध्याकाळी तिला झुडपात सोडले.

त्यानंतर जुन्या वह्या काढल्या आणि केवळ पंख पाहून केलेली प्रत्येक ऑटम्नल नोंद खोडून तिथेही ‘गट’ लिहिले.