आमची वाटचाल : उद्यमनगरातल्या भट्टीपासून शेजाऱ्यांच्या गस्ती जहाजांपर्यंत

वडिलांनी 1980च्या दशकात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये नॉन-फेरस, म्हणजे लोखंड सोडून इतर धातू ओतणारी, फाउंड्री टाकली. गावात बीड (ओतीव लोखंड) ओतणारे ढीगभर, पण गनमेटल आणि ब्राँझ नीट ओतणारे मोजकेच. सुरुवातीची सगळी वर्षं पंपाचे इम्पेलर, बुश आणि साखर कारखान्यांच्या मिलचे बेअरिंग यांवर गेली. गाळप बंद झालं की कारखान्यांची ओव्हरहॉलिंगची कामं यायची आणि पुढचे काही महिने भट्टी थंड पडायची नाही. आज शिरोली एमआयडीसीत आमची स्वतःची जागा आहे, मशीन शॉप आहे, टेस्ट बेंच आहे, आणि आम्ही ओतलेले व्हॉल्व्ह ज्या जहाजांत बसलेत त्यांतली काही परक्या देशांच्या झेंड्याखाली फिरतात.

व्यवसाय जहाजांकडे वळला तो एका व्हॉल्व्ह कंपनीमुळे. त्यांना गोदीसाठी निकेल अॅल्युमिनियम ब्राँझच्या बॉडी हव्या होत्या. हा धातू खाऱ्या पाण्याला जबरदस्त टिकतो, पण ओतायला महाअवघड. वितळलेल्या धातूवर दुधावर साय धरावी तसा ऑक्साइडचा पापुद्रा सारखा धरत राहतो. ओतताना धार उसळली की तो पापुद्रा आत दुमडतो. बाहेरून कास्टिंग सोन्यासारखं चकचकीत, आणि टेस्ट बेंचवर पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाब दिला की भिंतीला घाम फुटतो. आमचे मोल्डिंगचे मामा दाब धरून ठेवल्यावर बॉडी कोरड्या फडक्याने पुसतात आणि तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद दाबतात. कागदाला टिपकाभर ओल लागली तरी पीस बाजूला. इन्स्पेक्टरची नजर चुकेल, कागदाची चुकत नाही, असं ते नव्या पोरांना शिकवतात. खालून शांतपणे भरणारा मोल्ड कसा बांधायचा, हे वडील आणि मामांनी मिळून बसवलं. आजही आमची खरी पुंजी तीच आहे.

तेव्हा मला वाटायचं, आपण आपल्या नौदलाची आणि तटरक्षक दलाची कामं करतोय. डिस्पॅचच्या कागदांवर गोदीचा यार्ड नंबर, म्हणजे गोदी बांधणीतल्या जहाजाला देते तो क्रमांक असायचा, जहाजाचं नाव नसायचं. पुढे कळलं, की त्यातली काही बांधणी श्रीलंका आणि मॉरिशससाठी होती. गोवा शिपयार्डने श्रीलंकेच्या नौदलासाठी 'सयुराला' आणि 'सिंदुराला' ही शंभर मीटरहून लांब गस्ती जहाजं बांधली. पहिलं 2017मध्ये त्यांच्या ताफ्यात गेलं, दुसरं 2018मध्ये. मॉरिशसला 'व्हिक्टरी' आणि 'व्हॅलियंट' तिथूनच गेली. गोवा शिपयार्डचं वास्को म्हणजे आमच्यासाठी आजरा-आंबोलीचा घाट उतरून गेलं की आलंच. तिथे बांधलेलं जहाज कोलंबोला किंवा पोर्ट लुईला परक्या झेंड्याखाली उभं राहतं, हे समजलं तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले.

वाचता वाचता आकडे जमत गेले. 2013-14 साली भारताची संरक्षण निर्यात 686 कोटी रुपयांची होती. 2024-25मध्ये ती 23,622 कोटींवर गेली आणि सरकारने 2029पर्यंत 50,000 कोटींचं लक्ष्य ठेवलंय. अभिमान वाटावा असाच हा चढ आहे. पण आकड्याच्या आत डोकावायला हवं. 2023-24मध्ये आपला माल घेणाऱ्यांत अमेरिका, फ्रान्स आणि आर्मेनिया सर्वांत वर होते. अमेरिकेला जातात ते मुख्यतः सुटे भाग आणि जोडून तयार केलेले भाग, तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या विमानांत आणि हेलिकॉप्टरांत बसणारे; फ्रान्सला बरंचसं सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री. त्यात पैसा चांगला आहे, वेळेवरही येतो. पण श्रीलंका, मॉरिशस, मालदीव, व्हिएतनाम किंवा फिलिपिन्सला आपण जहाज, रडार किंवा ब्रह्मोस देतो, तेव्हा रुपये किती यापेक्षा शेजार कुणाचा राहणार हा प्रश्न मोठा असतो. मॉरिशसचं 'बॅराकुडा' ही भारताने निर्यात केलेली पहिली युद्धनौका. मार्च 2015मध्ये पोर्ट लुईला ती सेवेत दाखल झाली, आणि पंतप्रधानांनी हिंदी महासागरात सर्वांची सुरक्षा आणि विकास साधण्याचं 'सागर' धोरण मांडलं ते त्याच दौऱ्यात. धोरण आणि जहाज एकाच बंदरात एकदमच उतरलं. दुसऱ्या बाजूने चीनही थांबलेला नाही. बांगलादेशाच्या पहिल्या दोन पाणबुड्या चीनच्या. श्रीलंकेला 2019मध्ये मिळालेलं फ्रिगेट चीनचंच.

या सगळ्यात आमच्यासारख्या कारखान्याची जागा कुठे? माझं ठाम मत आहे, की ती सुट्या भागांत आहे.

जहाज पंचवीस-तीस वर्षं चालतं. त्यात समुद्राचं पाणी घेणारा व्हॉल्व्ह गळायला लागला, तर जहाज गोदीत उभं राहतं. त्या देशाकडे अशी दोनच मोठी गस्ती जहाजं असतील, तर एका व्हॉल्व्हमुळे निम्मा समुद्र उघडा पडतो. गरीब किंवा मध्यम देशाला शस्त्र विकणं म्हणजे पुढची तीस वर्षं ते चालतं ठेवण्याचा शब्द देणं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको, कारण कित्येक दशकं घेणाऱ्याच्या बाजूला आपणच उभे होतो. 1965च्या युद्धात अमेरिकेने शस्त्रपुरवठा रोखला. सोव्हिएत संघ 1991मध्ये कोसळला, तेव्हा एकाच यंत्राचे भाग वेगवेगळ्या देशांत जाऊन पडले आणि आपली सैन्यदलं त्यांच्या शोधात फिरली. 1998च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकी निर्बंध आले आणि नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकले. हेलिकॉप्टर ब्रिटिश बनावटीचं, तरीही आतले भाग अमेरिकी निघाले. 2022मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा आपल्या कित्येक युद्धनौकांची गॅस टर्बाइनं ज्या मिकोलाइव्हच्या कारखान्यातून येतात, तिथेच बॉम्ब पडत होते.

विकणाऱ्याच्या भूमिकेत गेल्यावर आपल्यालाही ठेच लागलीय. इक्वेडोरने सात 'ध्रुव' हेलिकॉप्टरं घेतली. चार पडली. त्यांतल्या काही अपघातांना मानवी चूक कारण होती. तरी 2015मध्ये त्यांनी करार मोडला, तेव्हा सुटे भाग वेळेवर न मिळण्याची तक्रार त्यात होती. दक्षिण अमेरिकेत आपण ती बाजारपेठ गमावली. याउलट श्रीलंकेच्या तटरक्षक दलाला आपण 'सुरक्षा' जहाज दिलं आणि 2024मध्ये आपलं 'सचेत' जहाज त्याच्यासाठी सुटे भाग घेऊन कोलंबोला गेलं. बातमी चार ओळींची होती. मी ती कापून ऑफिसच्या फळ्यावर लावली.

आता व्यवहाराची बाजू. सुट्या भागांची ऑर्डर येते तीन नगांची, पाच नगांची. त्यासाठी पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो लाकडी नमुना) काढायचा, आतली पोकळी घडवणारा कोअर बॉक्स दुरुस्त करायचा, फर्नेसला त्या धातूचा वेगळा चार्ज घालायचा, टेस्ट सर्टिफिकेटं करायची. नफा राहत नाही, कधी कधी खर्चही सुटत नाही. म्हणून बहुतेक छोटे कारखाने जुने पॅटर्न दहा वर्षांत जळणात घालतात. आम्ही ते घातलेले नाहीत. मागच्या शेडमध्ये सागवानी पॅटर्नांची मांडणी आहे, प्रत्येकावर यार्ड नंबर रंगवलेला, वाळवीसाठी दर पावसाळ्याआधी फवारणी. त्या जागेत एक सीएनसी सहज बसेल, असं आमचे सीए दर वर्षी सुनावतात. त्यांचा हिशोब बरोबर आहे. पण मी पॅटर्न टाकले, तर ते जहाज पंधराव्या वर्षी कुठून भाग आणणार? एका मोठ्या खरेदीदाराने आमचं बिल वर्षभर अडकवलं होतं, तेव्हा कामगारांचे पगार घरचे दागिने गहाण ठेवून केले. पॅटर्न तेव्हाही विकले नाहीत.

दुसरी गोष्ट, माल कुणाला द्यायचा. युद्धनौकांचे व्हॉल्व्ह स्फोटाचा धक्का सोसतील असे तपासलेले असतात आणि व्यापारी जहाजाला त्यांची गरज नसते. मध्यंतरी आखातातल्या एका व्यापाऱ्याकडून थेट आमच्याकडे अशाच व्हॉल्व्हची चौकशी आली. पैसे आगाऊ, भाव आम्ही मागू तो. जहाज कोणतं, देश कोणता, यावर मात्र 'आमचं गिऱ्हाईक' एवढंच उत्तर. खास लष्करी वापराच्या वस्तू भारतातून पाठवायच्या, तर स्कोमेट, म्हणजे निर्यातीवर सरकारी नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी पाहावी लागते, संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते आणि माल शेवटी कोण वापरणार याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आम्ही ते प्रमाणपत्र मागितलं आणि चौकशी तिथेच थांबली. मंदीचा काळ होता. भावाने विचारलं, "ताई, आपण नाही दिलं तर दुसरा कुणी देईलच की?" मी त्याला म्यानमारचं उदाहरण दिलं. 2021च्या लष्करी उठावानंतर तिथल्या लष्कराला माल देणाऱ्यांत संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने 2023च्या अहवालात भारतातल्या पुरवठादारांचीही नोंद केली आहे. आपल्या ईशान्य सीमेला लागून असलेला देश पेटलेला असताना तिथल्या आगीत आपल्या धातूचा एक कणही जाऊ नये, असं मला वाटतं. लोक पळून येतात ते मिझोरममध्येच. याला मी परोपकार म्हणत नाही, देशाच्या सुरक्षेचाच हा भाग आहे.

मध्यंतरी लघुउद्योजकांच्या एका बैठकीत आलेल्या अधिकाऱ्यांपुढे मी हेच मांडलं. मित्रदेशाला कर्ज देऊन जहाज दिलं, की त्याच करारात त्याच्या आयुष्यभराच्या सुट्या भागांची तरतूद असावी. कोणता भाग कुणाच्या पॅटर्नवर निघतो याची नोंद गोदीकडे असावी, नुसत्या मधल्या पुरवठादाराकडे नको. आणि जो छोटा कारखाना पॅटर्न आणि ड्रॉइंग सांभाळतो, त्याला वर्षाकाठी काही ठरलेली रक्कम मिळावी. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. शेजारच्या खुर्चीवरचे इचलकरंजीचे एक उद्योजक म्हणाले, "बाई, हे आमच्या गेअरबॉक्सलाही लागू होतंय की."

सध्या आम्ही सगळ्या पॅटर्नांचं थ्रीडी स्कॅनिंग करतोय. कोल्हापुरातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजची दोन पोरं त्यावर बसलीत आणि मामा त्यांना प्रत्येक पॅटर्नवर, धातू थंड होताना आकसतो म्हणून, जादा मापाची सूट कुठे, किती ठेवलीय ते बोटाने दाखवतात, कारण ती कोणत्याच ड्रॉइंगवर नाही. गेल्या महिन्यात एका जुन्या यार्ड नंबरच्या चार बॉडींची चौकशी आली. पॅटर्न जागेवर होता, कोअर बॉक्सची एक कड तेवढी दुरुस्त करावी लागली. कोटेशन पाठवलंय.