आमची वाटचाल: ६० एमएमच्या पाइपची

आमच्या वर्कशॉपला यंदा १८ वर्षं पूर्ण झाली. छोट्या गाड्यांना बाहेरचा कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनला थंड हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टर, बसवणं हे आमचं काम. ‘एवढ्याशा गाडीला हे कशाला?’ हा प्रश्न मी पहिल्या दिवसापासून ऐकतोय. पहिल्या दिवशी माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. आज आहे. ते कसं मिळालं, त्यापायी काय भोगावं लागलं आणि मधल्या काळात कोणी आमच्या नावावर काय खपवलं, हे एकदा नीट लिहून ठेवायचं होतं.

सुरुवात दोघांची, मी आणि लेथवाले काका. मी बॉनेट उघडून मापं घ्यायचो, काका पाइप घडवायचे. पाइप वाकवायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. काका ६० एमएमची ॲल्युमिनियमची नळी घ्यायचे, एका तोंडाला लाकडी गुटका ठोकायचे, आत चाळलेली वाळू भरायचे, बाहेरून टकटक करत ती बसवायचे आणि दुसरं तोंडही बंद करून नळी ज्योतीवर शेकत फर्म्याभोवती वळवायचे. वाळूत ओल राहिली तर आत वाफ धरते आणि गुटका गोळीसारखा सुटतो, म्हणून वाळू आदल्या दिवशीच भाजून ठेवलेली असायची. वळणावर नळी जराशी चपटली तरी काका ती भंगारात टाकायचे. मी कितीही विनवण्या केल्या तरी ऐकायचे नाहीत. मग टोकांना बाहेरच्या अंगाने गोल कडा उठवायची, कारण गुळगुळीत नळीवरून सिलिकॉनचा होज (लवचीक जोडनळी) गरम झाला की सरकतो, क्लॅम्प कितीही आवळा. कडा उठवण्यात काकांसारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. आतून कानस आणि एमरी मारणं माझ्याकडे. नळीत ॲल्युमिनियमचा एक कीस राहिला तर त्याला अडवायला पुढे फिल्टर नसतो, तो सरळ सिलिंडरमध्ये जातो.

आमची भागीदारी तोंडी होती. ती टिकली ती काकांच्या स्वभावामुळे. नवीन धंदा काढणाऱ्या मुलांना मी सांगतो, बाबांनो, सख्खा भाऊ असला तरी वाटणी कागदावर घ्या.

पहिल्या वर्षीचं आमचं काम आज मी कोणाला दाखवणार नाही. मूळ एअर बॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरची पेटी, काढायचा, आखूड पाइप टाकायचा, टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर. पाय दाबला की हवा ओढल्याचा घों आवाज यायचा आणि गिऱ्हाईक खूश. त्या आवाजालाच आम्ही ताकद समजत होतो.

मग मास्तर आले. शाळेत विज्ञान शिकवायचे, १२०० सीसीची चार सिलिंडरची हॅचबॅक. घाटात पिकअप मिळत नाही म्हणून आले होते. आम्ही पाइप बसवून दिला. आठवड्याने ते परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन थर्मामीटर आणि इंग्रजी यू आकारात वाकवलेली, अर्धी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी होती. तक्रार नव्हती. म्हणाले, “तुम्ही मोजलंय का?”

नव्हतं मोजलं. त्यांनी एक थर्मामीटर बंपरपाशी बांधला, दुसऱ्याची तार कोन फिल्टरपाशी सोडली आणि गाडी दहा मिनिटं आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवून, उभी केली. बाहेर ३० अंश, फिल्टरपाशी ५८. कोल्ड एअर म्हणून बसवलेला आमचा पाइप रेडिएटरचा आणि एक्झॉस्टचा शेक पीत होता. तापमान ३ अंशांनी चढलं की हवा साधारण १ टक्का विरळ होते. म्हणजे सिग्नल सुटला की गाडी नेमकी तिथेच मार खाणार. मग त्यांनी पाण्याची नळी थ्रॉटलच्या (पायाने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) अलीकडे जोडली, हवा जितकी अडेल तितकं त्यात पाणी चढतं, आणि पूर्ण पाय दाबून गाडी पळवायला लावली. मूळ बॉक्स परत लावून तेच केलं. मूळ बॉक्सवर पाणी २० सेंटिमीटर चढलं, आमच्या पाइपवर १२. मी खूश झालो. मास्तर म्हणाले, “वातावरणाचा दाब म्हणजे जवळजवळ १० मीटर पाणी. त्यातले तुम्ही ८ सेंटिमीटर वाचवलेत. १ टक्कासुद्धा नाही. आणि उष्णतेत किती घालवलंत?”

त्या संध्याकाळी काकांनी लेथ बंद केला आणि आम्ही तिघे बराच वेळ उघड्या बॉनेटपाशी उभे होतो. हवेची वाट रुंद करण्यापेक्षा ती गरम न होऊ देणं महत्त्वाचं, हे तिथे कळलं. आजही आमचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे.

मला राग आहे तो याचा, की नेमकं हेच आमच्याकडे शिकलेल्या एका मुलाने बाजूला सारलं. तो दोन वर्षं आमच्याकडे होता. गाडी लवकर वाचायचा, हात चांगला होता. बाहेर पडून त्याने स्वतःचं दुकान काढलं, याचं मला काही नाही. पण त्याने आमचाच पाइप उचलला, तोच वळणाचा कोन, तोच निळा होज, आणि व्यास केला ७० एमएम. मोठा पाइप, मोठी ताकद, अशी जाहिरात.

एअर फ्लो सेन्सर, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर, असलेल्या गाडीत तो सेन्सर बसतो तिथलं नळीचं माप हे त्या सेन्सरच्या गणिताचा भाग असतं. सेन्सरमधली तापलेली तार सगळी हवा मोजत नाही. तिच्यावरून जाणाऱ्या थोड्याशा हवेवरून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एकूण हवा ठरवतो. ६० चे ७० केले की नळीचं क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं, हवेचा वेग त्या प्रमाणात मंदावतो आणि सेन्सरला खरी हवा जवळजवळ पाव हिश्श्याने कमी दिसते. ईसीयू पेट्रोल कमी सोडतो, मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करतो ती दुरुस्ती, वाढत वाढत २५ टक्क्यांच्या आसपास जाऊन टेकते. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर पी०१७१ दाखवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. पूर्ण पाय दाबलेला असताना मिश्रण असं पातळ राहिलं तर इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे आत अवेळी पेट घेऊन ठोके मारतं. त्यात सेन्सर वळणाला लागूनच बसवलेला. तिथे हवा घुसळलेली असते, मग आयडल वरखाली होणारच.

त्या गाड्या आमच्या दारात यायच्या. होज निळा, म्हणजे काम आमचंच, असं लोक धरून चालायचे. मी समजावायचो आणि ते मान हलवून निघून जायचे. त्या मुलाला मी दोनदा भेटून सांगितलं, सेन्सरपाशी ६० ठेव, बाकी तुला हवं ते कर. तो हसला. ते हसणं मी विसरलेलो नाही.

आणि मग आमच्या हातून मोठी चूक झाली.

थंड हवेच्या मागे लागून आम्ही फिल्टर खाली नेला, बंपरच्या मागे, पुढच्या चाकासमोर. आकडे सुंदर आले. बाहेरच्यापेक्षा जेमतेम ३-४ अंश जास्त. मास्तर एकदाच म्हणाले होते, “पाण्याचं काय?” मी म्हणालो, जाळी लावू. मग एका रात्री तुफान पाऊस झाला आणि आमचे खालचे फिल्टर बसवलेल्या तीन गाड्या साचलेल्या पाण्यात बंद पडल्या.

दोघांनी स्टार्टर मारला नाही. त्यांचे प्लग काढले, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढलं, ऑइल आणि फिल्टर बदलला, गाड्या वाचल्या. तिसऱ्याने चार वेळा स्टार्टर मारला. ते इंजिन आम्ही खोललं तेव्हा दुसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, धनुष्यासारखा वाकलेला. मास्तरांनी जॉब कार्डाच्या मागे हिशेब मांडला: १२०० सीसी, चार सिलिंडर, एकाला ३००. कॉम्प्रेशन १० ला १, म्हणजे आतली जागा दाबून दहावा हिस्सा होते. पिस्टन वर टेकल्यावर उरणारी जागा ३०० भागिले ९, म्हणजे ३३ मिली. खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं. एवढं पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागा नाही, कारण पाणी दाबलं जात नाही, मग रॉडच वाकतो.

गिऱ्हाइकाने स्टार्टर मारायला नको होता, हे खरं. पण मारू नका हे त्याला सांगायचं काम माझं होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं. इंजिन आमच्या खर्चाने बांधून दिलं. रजिस्टर काढलं, खालच्या फिल्टरच्या ४१ गाड्या निघाल्या. प्रत्येकाला फोन केला, गाडी आणा, फुकट बदलून देतो. ३८ आल्या. तिघांनी आवाज छान आहे म्हणून आणल्या नाहीत, त्यांच्याकडून लेखी घेतलं. चार महिने वर्कशॉपमध्ये नवं काम नव्हतं, फक्त स्वतःचंच काम उसवणं. काकांनी त्या चार महिन्यांत एक पैसा उचलला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “पाइप मीच वाकवलेत ना?”

त्याच दिवसांत त्या वाकड्या रॉडचा फोटो त्या ७० एमएमवाल्या मुलाने मिळवला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला मोबाइलवर दाखवत सुटला. स्वतःच्या ७० एमएमच्या पाइपांनी किती इंजिनं नॉक करत होती, त्याचे फोटो निघत नाहीत. आमची चूक फोटोत मावणारी होती एवढंच.

बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. लेथला गिऱ्हाईकही बघून झालं होतं. एका सकाळी मास्तर स्वतःची गाडी घेऊन आले, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “यावर नवीन डिझाइन करा. मला घाई नाही.” ती गाडी आमच्याकडे २३ दिवस होती. ते रोज बसने शाळेत जायचे.

मूळ कंपनीचा बॉक्स आम्ही पहिल्यांदा आदराने उघडला तो तेव्हा. त्याचं तोंड हेडलाइटच्या मागे, उंचावर होतं. तिथे वारा थंड आणि पाणी लांब. तळाला पाणी निथळायला भोक. ज्या जागेला आम्ही हसत होतो ती कोणीतरी विचार करून निवडलेली होती. आम्ही तोंड तिथेच ठेवलं, थोडं रुंद केलं. फिल्टर मोठा घेतला आणि त्याच्याभोवती बंद पेटी बांधली, वरच्या काठाला रबर, बॉनेट लावलं की दाबून बसणारं. पाइप मधल्या भागात प्लास्टिकचा केला, कारण ॲल्युमिनियम दिसायला देखणं असलं तरी उभ्या गाडीत उष्णता चटकन उचलतं. काकांना हे पटायला दोन दिवस लागले. सेन्सरपाशी नळी आतून मोजून ६० एमएम, मागेपुढे सरळ. क्रँककेसच्या ब्रीदर होजला (इंजिनच्या खालच्या पेटीला श्वास देणाऱ्या नळीला) मूळ जागीच, सेन्सर आणि थ्रॉटलच्या मध्ये, जोडणी. तो होज उघडा सोडणारे मिस्त्री मी पाहिलेत. सेन्सरने न मोजलेली हवा आत घेऊन वर गाडी मिसिंग का मारते म्हणून विचारतात.

तीच चाचणी, दहा मिनिटं आयडल. बाहेर ३०, पेटीत ३६. उघड्या कोनाच्या ५८ च्या मानाने जवळजवळ ७ टक्के दाट हवा. मास्तरांनी पाण्याची नळी आमच्या भिंतीवर खिळ्याला अडकवली आणि तिथेच ठेवून गेले.

पुढची वर्षं नीट गेली. काका आता येत नाहीत, डोळ्यांनी साथ सोडली, पण कडा उठवायची त्यांची हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहेत. त्या मुलाने दुकान बंद करून दुसरा धंदा धरला. त्याच्या ७० एमएमच्या गाड्या अजून अधूनमधून येतात.

तर छोट्या गाडीला कशाला, याचं उत्तर. वरच्या आरपीएमला थोडी मोकळी वाटते, गरम ट्रॅफिकमधून सुटताना मलूल होत नाही, आवाज आवडत असेल तर आवाज. ॲव्हरेज वाढेल असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे जाऊ नका. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवटच उघडं असतं, हवा तिथेच अडते, अलीकडचा पाइप कितीही मोकळा असो. आणि काढलेला मूळ बॉक्स मिस्त्रीकडून मागून घ्या, घरी ठेवा. फिल्टर तेलाचा असेल तर तेल हात राखून लावा, जास्तीचं तेल सेन्सरच्या तारेवर बसतं. धुतल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कापसाचे थर फाटतात. सावलीत वाळू द्या. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, ढकलून बाहेर काढा. हे आता आम्ही प्रत्येक बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून देतो.

मास्तरांची गाडी काल आली. तीच हॅचबॅक. स्कॅनर लावला, लाँग टर्म ट्रिम (पेट्रोलची कायमची दुरुस्ती) अधिक २ टक्के, म्हणजे सगळं ठीक. फिल्टर धुऊन दोरीवर टाकलाय, अजून ओला आहे. उद्या संध्याकाळी ते गाडी न्यायला येतील.