पेलेट बंब : स्क्रू सकाळीच का अडकायचा, ते सापडलं

सापडलं, मंडळी! अकरा दिवस पहाटे साडेपाचला टॉर्च धरून बंबाला पेलेट (भुसा, टरफलं दाबून केलेल्या जळणाच्या छोट्या कांड्या) पुरवणारा स्क्रू बाहेर ओढत होतो, ते थांबलं. आज सलग चौथ्या सकाळी बंब पहिल्या झटक्यात पेटला आणि सहाच्या ठोक्याला बाबांच्या बादलीत कढत पाणी होतं. धुळ्याकडची जानेवारीची पहाट ज्यांना माहीत आहे, त्यांना याचा आनंद वेगळा सांगायला नको.

मागच्या नोंदीनंतर मांडणीत फारसा बदल नाही. हॉपरमधून, म्हणजे साठवणीच्या डब्यातून, पेलेट पाइपात पडतात आणि फिरणारा स्क्रू ते आगीकडे ढकलतो. दोन इंची पाइप, त्यात ४५ मिलिमीटरचा स्क्रू, ५ आरपीएमची (मिनिटाला पाच फेऱ्यांची) गिअर मोटर. ३ सेकंद चालू, ८ सेकंद बंद, म्हणजे ताशी साधारण एक किलो पेलेट. आधीची गाडीच्या वायपरची मोटर काढली ते बरंच झालं. तिला जोर होता, पण वेग आवरत नव्हता.

अडकण्याचे प्रकार दोन होते आणि मी ते एकच समजून बसलो, इथेच घोळ झाला. पहिला प्रकार चालू बंबातला. कट्ट असा आवाज येऊन मोटर थबकायची, कधी सुटायची, कधी फ्यूज जायचा. मी थेट दुप्पट ताकदीची मोटर घ्यायला निघालो होतो. आमचे लेथवाले काका स्क्रू हातात घेऊन म्हणाले, "मोटर मोठी लावशी ते स्क्रूच पिळाई जाई." मग त्यांनी पाइपच्या तोंडावरून बोट फिरवून दाखवलं. हॉपरमधून पेलेट जिथे पाइपात पडतात, त्या खिडकीची पुढची कड सरळ आणि कात्रीसारखी धारदार होती. आठ मिलिमीटरचा पेलेट स्क्रूचं पातं आणि ती कड यांच्यात आडवा सापडला की अख्खा एका दमात कापावा लागतो. त्यांनी ती कड तिरकी कापली आणि कानशीनं गोल केली. आता पेलेट सापडलाच तर कडेकडेनं सरकत जातो, नाहीतर हळूहळू तुटतो. मोटरचा करंट पूर्वी मधूनच ६ अँपिअरवर उडी मारायचा, आता २ च्या आसपास राहतो. अर्ध्या तासाचं काम, आणि काकांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

पण सकाळचं अडकणं तसंच राहिलं. रात्री नीट चाललेला बंब पहाटे ढिम्म. स्क्रू जागचा हलायचा नाही, करंट थेट ८ वर, फ्यूज खलास. मोटर चालवणाऱ्या अर्डुइनो बोर्डात 'दोन सेकंद उलटं, मग सुलटं' असा कोड घातला, तर बोळा आणखीच घट्ट बसला. हॉपरचा उतार ४५ अंशांवरून ६० वर नेला, पेलेट चाळून भुसा काढला, लांब तुकडे वेचून मोडले. चाळण्यानं हॉपरमध्ये पेलेट एकमेकांत अडकून कमान धरणं बंद झालं, हे खरं. पहाटेची रड मात्र कायम.

सहाव्या की सातव्या दिवशी स्क्रू सावकाश, पेलेट जागचे न हलवता ओढला आणि पाइपाखाली वर्तमानपत्र अंथरून ते ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं मांडले. हॉपरच्या बाजूचे चकचकीत, टणक, बोटांनी मोडताना टिचकन आवाज करणारे. पुढे त्यांची चमक गेलेली. आगीच्या बाजूचे शेवटचे वीतभर तर पेलेट उरलेच नव्हते. फुगून, उसवून भिजवलेल्या सातूच्या पिठासारखा लगदा झाला होता आणि पाइपाच्या भिंतीवर बोट फिरवलं तर ओलं लागत होतं. पाऊस नाही, दव नाही, मग पाणी आलं कुठून?

आगीतूनच. लाकडातला हायड्रोजन जळताना पाणीच तयार होतं. एक किलो कोरडा पेलेट जळला की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन निघतं. ते धुराड्यातून जायला हवं, आणि माझ्याकडे त्यातलं काही उलट्या वाटेनं स्क्रूच्या पाइपात शिरत होतं. विकतच्या परदेशी स्टोव्हमध्ये पंखा बहुधा धुराड्याच्या बाजूला असतो, तो धूर ओढून घेतो. माझा ब्लोअर खालून हवा ढकलतो, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्यात दाब बाहेरपेक्षा जास्त. हॉपरचं झाकण नुसतं ठेवलेलं. हवेला दुसरी वाट मिळाली तर ती का घेणार नाही?

खात्रीसाठी देवघरातली अगरबत्ती आणली. बंब चालू असताना झाकणाच्या फटीपाशी धरली, तर धूर चारही बाजूंनी बाहेर लोटला जात होता. मग ओलावा मोजला. लगद्यातले १०० ग्रॅम ओटीजी ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा वर, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवले. ८३ ग्रॅम उरले. पोत्यातले १०० ग्रॅम तसेच वाळवले, ९२ उरले. म्हणजे ८ टक्क्यांचा ओलावा एका रात्रीत १७ वर! संध्याकाळी बंब दोन तास चालतो, मग रात्रभर पत्रा गार पडतो आणि आत कोंडलेली वाफ पाइपाला धरते. सकाळी जेमतेम अर्धा तास चालतो, दिवसा पाइप उन्हात तापतो, म्हणून संध्याकाळी कधी अडकत नव्हता.

यात एक गोष्ट मला जास्त लागली. झाकणातून वाफेबरोबर धूरही येत होता, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. बंब परसात उघड्यावर आहे म्हणून निभावलं. कुणी बंद न्हाणीघरात अशी मांडणी केली असेल तर आजच अगरबत्ती धरून बघा.

उपाय स्वस्तात झाला. भंगारातून जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर आणलं, झाकणाच्या कडेला बसवलं, वर दोन क्लिपा. ब्लोअरमधून १२ मिलिमीटरची नळी काढून हॉपरमध्ये सोडली, म्हणजे वरही दाब राहतो आणि थोडी कोरडी हवा सतत हॉपरकडून आगीकडे जाते. शिवाय पेलेट बंद केल्यावर ब्लोअर वीस मिनिटं चालू ठेवतो. दुसऱ्या दिवशी पाइपातले १०० ग्रॅम वाळवले, ९१ उरले. तो आकडा पाहून मी आईला स्वयंपाकघरातून काटा दाखवायला बोलावलं.

हिशेबही जमू लागला आहे. ४० लिटर पाणी १८ वरून ४५ अंशांवर न्यायला १,०८० किलोकॅलरी लागतात. माझे पेलेट किलोला साधारण ३,८०० देतात असं धरलं, तर २८५ ग्रॅममध्ये व्हायला हवं. मला अर्धा किलो लागतं. घरच्या वेल्डिंगच्या बंबाला हे मी चांगलं मानतो.

पेलेटबद्दल स्पष्ट सांगतो : भुईमुगाच्या टरफलांचा स्वस्त माल पुन्हा घेणार नाही. चाळल्यावर पोत्यामागे तीन-चार किलो भुसा निघाला आणि भांड्यात खंगर (राख वितळून झालेला दगडासारखा थर) धरला, तो छिन्नीनं काढावा लागला. लाकडी भुशाचे महाग पडतात, पण राख मूठभर.

पुढचं काम मोटरचा करंट मोजणाऱ्या सेन्सरचं ठरलं होतं. पण हे लिहिताना लक्षात आलं की ब्लोअरच अचानक बंद पडला तर त्याच नव्या नळीतून धूर हॉपरमध्ये चढेल. वीज गेली तर बॅटरी आहे, तरी फ्यूज कधीही जाऊ शकतो. म्हणून आधी नळीच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबची एकतर्फी झडप, सेन्सर नंतर.

आणि पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, पेलेट करून बघायचे आहेत. बोंडअळीमुळे कपाशीचा हंगाम संपला की शेत मोकळं करायला सांगतात, बांधावर ढीग लागलेले आहेत. राख जास्त पडेल, खंगरही धरेल, म्हणून लाकडी भुसा निम्मा मिसळेन. कुणाकडे पेलेट पाडायची आठ मिलिमीटरची डाय (साचा) असेल तर कळवा. आईचं म्हणणं, पऱ्हाटीच्या जाळाशिवाय भरताला चव नाही, आणि ते मला मान्य आहे. हिरवी वांगी आणून ठेवली आहेत. पेलेट होईपर्यंत ती थांबणार नाहीत, म्हणून या रविवारी भरीत बांधावरच्या काड्यांवरच.